पाणी जास्त आहे, मग निघायचं कधी?

आमच्या गव्हाणात बाळंतपणाचं गणित ठरलेलं आहे. कळा नीट सुरू झाल्या की गाडी काढायची. पाणी गेलं तर जरा घाईने काढायची. बहुतेक वेळा हे गणित बरोबर सुटतंही. पण ज्या बाईच्या पोटात गर्भजल जास्त आहे तिच्यासाठी ते चुकीचं आहे, आणि ही गोष्ट तिच्या घरच्यांना आठव्या महिन्यातच कुणीतरी समोर बसवून सांगायला हवी, असं माझं स्पष्ट मत आहे.

विषय डोक्यात शिरला तो वहिनीच्या सोनोग्राफीमुळे. ३४ वा आठवडा, आणि रिपोर्टवर लिहिलेलं, 'लिकर वाढलेलं आहे'. आईने तो शब्द वाचून दादाकडे असं काही पाहिलं की बस्स! (डॉक्टरी भाषेत लिकर म्हणजे गर्भजल. दादाची सुटका झाली.) शेजारच्या काकू म्हणाल्या, पाणी कमी पी. त्याने काही होत नाही, कारण हे पाणी आई पिते ते नव्हे. गरोदरपणाच्या उत्तरार्धात ते मुख्यतः बाळाची लघवी असते. बाळ तेच पाणी गिळतं आणि परत बाहेर टाकतं. आवक-जावक बिघडली की पातळी वाढते. आईची शुगर जास्त असेल तर बाळ लघवी जास्त करतं. बाळाच्या अन्ननलिकेत किंवा आतड्याच्या सुरुवातीला अडथळा असेल तर त्याला गिळता येत नाही. जुळ्यांमध्येही असं होऊ शकतं. आणि बऱ्याच जणींच्या बाबतीत शोधूनही कारण सापडत नाही.

मोजायची पद्धत सोपी आहे. पोटाचे चार भाग करून प्रत्येकातल्या पाण्याची खोली मोजतात, आणि बेरीज साधारण २४-२५ सेंटीमीटरच्या वर गेली की पाणी जास्त. किंवा एकच सर्वांत खोल कप्पा बघतात. तो ८ सेंटीमीटर म्हणजे जास्त, १२ म्हणजे मध्यम, १६ च्या पुढे गंभीर. शुगरची तपासणी झाली नसेल तर ती लगेच करायची. ७५ ग्रॅम ग्लुकोज पिऊन दोन तासांनी रक्त द्यायचं, आकडा १४० किंवा वर असेल तर उपचार. आपल्या सरकारी केंद्रांतही हीच पद्धत आहे, उपाशीपोटी जायची गरज नाही.

आता घाबरवणाऱ्या मंडळींबद्दल. 'पाणी जास्त म्हणजे सिझेरियनच' हे वाक्य मी गेल्या महिन्यात चार जणांकडून ऐकलं. तसं अजिबात नाही. पाणी थोडंसंच वाढलेलं असेल आणि दुसरा काही दोष सापडला नसेल, तर कळा आपोआप येऊ द्याव्यात, आणि केवळ या कारणासाठी ३९ आठवड्यांच्या आधी कळा आणू नयेत, असा सल्ला अमेरिकेतल्या माता-गर्भ तज्ज्ञांच्या संस्थेने २०१८ साली दिला आहे. पाणी खूपच जास्त असेल, तर मात्र बाळंतपण मोठ्या रुग्णालयातच व्हावं, हेही त्यांनीच म्हटलंय.

खरी भीती वेगळीच आहे, ती पाणमोट फुटण्याच्या क्षणाची. एरवी बाळाचं डोकं खाली ओटीपोटात बसलेलं असतं आणि बाटलीच्या बुचासारखं काम करतं. पाणी जास्त असलं की बाळ तरंगत राहतं, कधी आडवं, कधी पायाळू. अशात पाणमोट फुटली तर लोंढ्याबरोबर नाळ खाली घसरू शकते. मग बाळाचं डोकं त्या नाळेवरच दाबलं जातं आणि बाळाचा रक्तपुरवठा मिनिटांत तुटतो. दुसरं म्हणजे ताणलेली गर्भपिशवी एकदम आकसली की वार आधीच सुटू शकते. पोट लाकडासारखं घट्ट होतं, सतत दुखतं, बहुतेकदा रक्त जातं.

म्हणून जाणकार डॉक्टर अशा बाईची पाणमोट हाताने फोडायची घाई करत नाहीत. बाळ आडवं नाही ना, डोकं कुठवर आलंय हे आधी तपासतात. फोडायचीच असेल तर ऑपरेशन थिएटर तयार ठेवून, बारीक सुईने छिद्र पाडून, पाणी हळूहळू सोडतात, आणि एक जण वरून पोटावर हात ठेवून डोकं जागेवर धरतो. धरणाचा दरवाजा एकदम उघडत नाहीत, तसंच.

आता गव्हाणचं बघा. शेजारून अटल सेतू जातो, २०२५ मध्ये विमानतळाचंही उद्घाटन झालं. गावात प्राथमिक आरोग्य केंद्र आहे. पण अशा केंद्रात साधी बाळंतपणं होतात. सिझेरियन, भूलतज्ज्ञ, रक्त, यासाठी पनवेलच्या उपजिल्हा रुग्णालयाकडे किंवा खासगीत जावं लागतं. आणि मध्ये गव्हाण फाटा! बंदराकडे जाणाऱ्या कंटेनरच्या रांगेत जो अडकलाय त्याला जास्त सांगायला नको. नाळेचा हिशोब मिनिटांचा आणि फाट्याचा हिशोब... असो.

आमच्या ऑफिसात रात्री तीनला सर्व्हर बसला तर पहिला फोन कुणाला, दुसरा कुणाला, हे आधी लिहून ठेवलेलं असतं. सर्व्हरसाठी एवढं करतो, तर बाळंतिणीसाठी का नको? दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी केंद्रांत गरोदर बायांची तपासणी असते, जोखमीच्या केसला कार्डावर लाल स्टिकर लागतो. माझी मागणी अशी की स्टिकरच्या खाली चार ओळीही लिहाव्यात. बाळंतपण कुठे होणार, तिथे रात्री सिझेरियन होतं का, रक्तगट कोणता, गाडी कुणाची. ३६ व्या आठवड्यात बाळ सरळ आहे की आडवं हे पुन्हा बघून ती ओळ सुधारावी. बाळ आडवंच राहत असेल तर आधीच भरती होण्याबद्दल विचारावं.

आणि घरच्यांसाठी सरळ सूचना. पाणी गेलं की कळांची वाट बघायची नाही, लगेच निघायचं. नाळ हाताला लागली किंवा दिसली तर ती आत ढकलायची नाही, सारखा हातही लावायचा नाही. १०८ ला फोन करून 'नाळ बाहेर आली आहे' हेच शब्द सांगायचे. गाडी येईपर्यंत बाईने गुडघे आणि छातीवर ओणवं राहायचं, कंबर वर. गाडीत डाव्या कुशीवर, कमरेखाली उशी. बसवून न्यायचं नाही.

बाळ झालं की सगळे पेढ्यांच्या मागे लागतात, पण धोका तिथे संपत नाही. फार ताणलेली गर्भपिशवी नीट आकसत नाही आणि रक्तस्राव होतो. ऑक्सिटोसिनचं १० युनिटचं इंजेक्शन बाळ झाल्या झाल्या द्यायचं असतं. ते सगळ्यांनाच देतात, पण इथे सलाईनची सुई आधीच लावलेली आणि रक्ताची सोय झालेली हवी. आणि बाळाला पहिलं दूध पाजण्याआधी तोंडातून बारीक नळी पोटापर्यंत जाते का ते डॉक्टरांना बघू द्यायचं, कारण अन्ननलिका बंद असेल तर ते दूध फुप्फुसात जाऊ शकतं. आमच्या आजीची मधाची वाटी एरवीही नकोच, पण त्या नळीच्या आधी तर मुळीच नको.