नाताळचें गीत आणि टाळ

प्रतिवर्षीं डिसेंबर उजाडला कीं आमच्या शाळेंत नाताळच्या गीतांची तालीम सुरू होते, आणि तिच्याबरोबर एक जुना वादही. एखादें मराठी गीत अभंगाच्या चालीवर बसविलें, कीं कांहीं पालक नापसंती दर्शवितात. टाळ देवळांतच शोभतात, नाताळास विलायती चालच हवी, असें त्यांचें म्हणणें. (टाळांसही धर्म असतो, हें आम्हांस ठाऊक नव्हतें!) त्यांच्या भावनेविषयीं आम्हांस आदर आहे, परंतु ज्या चालींना ते पवित्र समजतात, त्यांची वंशावळ त्यांनीं एकदां पाहावी.

हान्स लिओ हासलर या जर्मन संगीतकाराचें एक प्रेमगीत १६०१ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें त्याच चालीवर चर्चमध्यें ख्रिस्ताच्या दुःखसहनाचें पद गाइलें जाऊं लागलें. लाइपझिग येथें १७३४-३५ च्या नाताळांत बाखनें आपली प्रसिद्ध नाताळ-रचना सादर केली. तिच्यांतील पहिल्या स्तोत्राची चाल हीच, आणि शेवटच्याचीही! आरंभींचा नगारे-तुताऱ्यांचा घोष तर त्यानें १७३३ सालीं सॅक्सनीच्या अधिपतीच्या पत्नीच्या वाढदिवसासाठीं रचिला होता. लोकांच्या ओठीं असलेली चाल त्या काळच्या चर्चनें विटाळ मानिली नाहीं.

आणि आपल्याकडे? फादर थॉमस स्टीफन्स हे इंग्रज जेझुइट १५७९ सालीं गोव्यास आले. त्यांचें ‘क्रिस्तपुराण’ १६१६ सालीं राशोल येथें छापलें गेलें. लिपि रोमन, पण छंद आपली ओवी. सुमारें अकरा हजार ओव्या! बेथलेहेमची कथा मराठींत ओवीबद्ध झाली, तेव्हां बाख जन्मलाही नव्हता. पुढें रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनीं १८९५ सालीं मुंबईंतच बाप्तिस्मा घेतला. परंतु अभंग आणि कीर्तन त्यांनीं टाकिलें नाहीं, उलट त्यांतूनच ख्रिस्ताचें गुणगान केलें.

विलायती चालींत मराठी शब्द कोंबले, कीं ऱ्हस्वदीर्घाचा चुराडा होतो. ‘तारक’चें ‘ताराक’ झालेलें आम्हीं स्वतः ऐकिलें आहे. भजनें ऐकत वाढलेला लालबाग-परळचा मुलगा ती चाल चार आठवडे घोकतो, तरी चांचपडतो. तोच अभंग तासाभरांत उचलतो. इंग्रजी गीतें टाकावीं, असें मात्र आम्ही म्हणत नाहीं. चार आवाज एकत्र मिळविण्यास शेजाऱ्याचा सूर ऐकावा लागतो, आणि ती शिस्त आमच्या मुलांस हवीच आहे.

तेव्हां येत्या नाताळास पहिलें गीत ओवीचें ठेवावें, अशी आमची सूचना आहे. ज्यांच्या घरीं टाळ असतील, त्या विद्यार्थ्यांनीं संगीतशिक्षकांस आधींच कळवावें. शाळेंत एकच जोड आहे.