निळी टोपी आणि चीवर

रोहिणी नदीच्या पाण्यावरून शाक्य आणि कोलिय यांच्यात जो तंटा झाला, त्याची हकीकत आपल्या विद्यालयातील प्रत्येक विद्यार्थ्याने ऐकलेली आहे. 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात बोधिसत्त्व डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ती ज्या रीतीने मांडली आहे, तीतील एका तपशिलाकडे मात्र आपले लक्ष सहसा जात नाही. शाक्य संघाच्या सभेत सेनापतीने युद्धाचा ठराव मांडला, तेव्हा सिद्धार्थ गौतम विरोध नोंदवून स्वस्थ बसले नाहीत. त्यांनी पर्याय सुचविला. शाक्यांनी आपल्यातून दोन माणसे निवडावीत, कोलियांनी दोन निवडावीत, या चौघांनी मिळून पाचवा निवडावा आणि या पाचांनी तंट्याचा निवाडा करावा. मतदान झाले आणि ही सूचना मोठ्या बहुमताने फेटाळली गेली. पुढे काय घडले ते सर्वांस ठाऊक आहे. गृहत्यागाच्या त्या प्रसंगाने आपले मन इतके भरून जाते, की त्या पाचव्या माणसापाशी कोणी थांबत नाही.

आम्हांस या लेखात त्या पाचव्या माणसाविषयीच लिहावयाचे आहे. एखादा देश आपसांतील युद्धाने दुभंगतो आणि भांडणारे पक्ष स्वतःहून थांबू शकत नाहीत, तेव्हा आजच्या जगात हे पाचव्याचे काम संयुक्त राष्ट्रसंघाच्या शांतिसेनेकडे येते. ते तिने कसे केले, हे तपासण्यासाठी आम्ही कंबोडियाचे उदाहरण घेत आहोत. एक तर तो धम्माचा देश आहे. दुसरे असे, की तेथे पाचवा नेमणारे पक्षही योगायोगाने चारच होते.

१७ एप्रिल १९७५ रोजी ख्मेर रूजच्या सैन्याने नॉम पेन्ह हे राजधानीचे शहर घेतले आणि काही दिवसांत ते रिकामे केले. रुग्णालयांतील रुग्णांनाही रस्त्यावर काढले गेले. पुढील पावणेचार वर्षांत उपासमार, सक्तीचे श्रम, रोगराई आणि कत्तल यांत पंधरा ते वीस लाख माणसे मेली. भिक्खूंची चीवरे उतरविली गेली. विहारांची कोठारे झाली, काही विहारांचे तुरुंग झाले. ज्या देशात गावोगावी विहार हीच शाळा होती, तेथे संघ जवळजवळ नाहीसा झाला. जानेवारी १९७९ मध्ये व्हिएतनामच्या सैन्याने ही राजवट उलथून टाकली, पण यादवी थांबली नाही. जगाच्या राजकारणाची लाज वाटावी अशी गोष्ट ही, की संयुक्त राष्ट्रसंघातील कंबोडियाचे आसन त्यानंतरही ख्मेर रूजकडे आणि १९८२ पासून तिचा समावेश असलेल्या आघाडीकडे राहिले. भारताने १९८० मध्ये नॉम पेन्हच्या नव्या सरकारला मान्यता दिली. तेव्हा असे करणारी राष्ट्रे फार थोडी होती. आपल्या परराष्ट्र धोरणावर टीका करण्यास जागा पुष्कळ आहे. येथे मात्र भारत योग्य बाजूस उभा राहिला, असे आम्ही मानतो.

२३ ऑक्टोबर १९९१ रोजी पॅरिस येथे करार झाला. हुन सेन यांचे नॉम पेन्हमधील सरकार, राजपुत्र रणरिद्ध यांचा राजनिष्ठ पक्ष, सोन सान यांचा गट आणि ख्मेर रूज अशा चारही पक्षांनी त्यावर सह्या केल्या. साक्षीदार राष्ट्रांत भारतही होता. या चौघांचे एक सर्वोच्च राष्ट्रीय मंडळ सिहानुक यांच्या अध्यक्षतेखाली बनले आणि निवडणूक होईपर्यंत लागणारे अधिकार या मंडळाने संयुक्त राष्ट्रसंघाकडे सोपविले. चौघांनी पाचवा नेमला तो असा. सुरक्षा परिषदेने २८ फेब्रुवारी १९९२ रोजी ७४५ क्रमांकाचा ठराव करून 'अन्टॅक' ही मोहीम उभारली. सुमारे १६ हजार सैनिक, साडेतीन हजारांवर पोलीस, शिवाय मुलकी अधिकारी आणि निवडणुकीसाठी आलेले स्वयंसेवक असा तिचा पसारा होता. तेराशेहून अधिक भारतीय सैनिक तीत होते. मोहिमेचे प्रमुख जपानचे यासुशी अकाशी आणि सेनापती ऑस्ट्रेलियाचे जनरल सँडरसन.

थायलंडच्या सीमेवरील छावण्यांत साडेतीन लाखांहून अधिक निर्वासित होते. त्यांना घरी आणण्याचे काम या मोहिमेत सर्वांत चोख झाले. प्रथम प्रत्येक कुटुंबास दोन हेक्टर जमीन देण्याचे आश्वासन होते. पाहणी केली तेव्हा कळले, की बरीच जमीन भूसुरुंगांनी भरलेली आहे आणि उरलेली पुरेशी नाही. मग योजना बदलून प्रौढ माणसामागे ५० डॉलर, मुलामागे २५ डॉलर, संसाराची भांडी-अवजारे आणि काही महिन्यांचे धान्य देण्याचे ठरले. बहुसंख्य कुटुंबांनी हाच पर्याय स्वीकारला. जमिनीचे आश्वासन मोडले म्हणून यावर टीका झाली. परंतु सुरुंगाच्या शेतात माणसाला नांगर देऊन सोडण्यापेक्षा रोख रक्कम हातावर ठेवणे अधिक प्रामाणिक होते. घरी परतलेली माणसे मतदानापूर्वी देशात पोहोचली, हे कमी नाही.

शस्त्रे खाली ठेवण्याच्या कलमावर मात्र सारे अडले. ३० मे १९९२ रोजी अकाशी आणि सँडरसन पश्चिमेकडील पैलिनच्या रस्त्याने निघाले असता ख्मेर रूजच्या मोजक्या पहारेकऱ्यांनी त्यांना अडविले. रस्त्यावर आडवा होता तो एक बांबू. ताफा मागे फिरला. या बांबूवर पुढे जगभर थट्टा झाली. बळ वापरून तो मोडावा असे म्हणणारे अधिकारी खुद्द मोहिमेत होते. आमचे मत वेगळे आहे. तो बांबू मोडणे सोपे होते. त्यानंतर जंगलात जे युद्ध पेटले असते, त्यासाठी ही सेना आली नव्हती आणि तिला सैनिक देणाऱ्या राष्ट्रांनी त्यास संमतीही दिली नव्हती. त्या दिवशी मागे फिरणे हा आम्ही भ्याडपणा मानीत नाही.

या मोहिमेचा खरा दोष दुसरीकडे, राजधानीच्या कचेऱ्यांत घडला. करारानुसार परराष्ट्र, संरक्षण, अर्थ, सार्वजनिक सुरक्षा आणि माहिती या पाच खात्यांवर संयुक्त राष्ट्रसंघाने प्रत्यक्ष नियंत्रण ठेवावयाचे होते. निवडणुकीच्या काळात सत्ताधाऱ्यांच्या हाती पोलीस आणि तिजोरी मोकळी राहू नये, हा त्याचा हेतू. परंतु मुलकी अधिकारी उशिरा पोहोचले, थोडे पोहोचले आणि ख्मेर भाषा जाणणारे त्यांत विरळाच होते. विरोधी पक्षांच्या कार्यकर्त्यांवर हल्ले होत राहिले. पोलीस, न्यायालये आणि तिजोरी ज्यांच्याकडे होती त्यांच्याकडेच राहिली. जंगलातील बांबू साऱ्यांना दिसला, कचेरीतील कोणी पाहिला नाही.

आणखी एक गोष्ट झाकून ठेवणे आम्हांस योग्य वाटत नाही. परदेशी सैनिकांच्या हातातील डॉलरांनी नॉम पेन्हमध्ये वेश्याव्यवसाय फोफावला, एड्सचा प्रसार वाढला, स्त्रियांची छेड काढली गेली. रहिवाशांनी अकाशींना खुले पत्र लिहून तक्रार केली. तिला मिळालेले उत्तर तरुण सैनिकांच्या वर्तनाला समजून घ्या अशा धर्तीचे होते. पंचशील केवळ युद्धापुरते नसते. जो रक्षणासाठी येतो, त्याच्या शीलाची परीक्षा युद्धभूमीपेक्षा संध्याकाळी बाजारात अधिक होते.

याच काळात, याच रस्त्यांवर आणखी एक पथक चालत होते. त्याच्याजवळ शस्त्र नव्हते आणि कोणत्याही ठरावाचा क्रमांक नव्हता. भन्ते महाघोसानंद हे कंबोडियाचे भिक्खू. त्यांचे उच्च शिक्षण बिहारमधील नालंदा येथे झाले होते. ख्मेर रूजच्या काळात ते थायलंडच्या अरण्यविहारात होते, म्हणून वाचले. त्यांचे कुटुंब वाचले नाही. सीमेवरील छावण्यांत जाऊन त्यांनी मेत्तसुत्ताच्या प्रती वाटल्या आणि ख्मेर रूजच्या माणसांचा वावर असलेल्या छावणीतही विहार उभारला. धम्मपदाच्या यमकवग्गातील वैराविषयीची ती पाचवी गाथा, जी आपण लहानपणी अर्थ कळण्याआधीच पाठ केली, ती त्यांनी ज्यांच्यासमोर म्हटली त्यांत मारलेल्यांचे नातेवाईकही होते आणि मारणारेही. एप्रिल १९९२ मध्ये त्यांनी निर्वासितांना बरोबर घेऊन सीमेवरून राजधानीपर्यंत पहिली धम्मपदयात्रा काढली. वाटेवर गावकरी पाण्याचे हंडे घेऊन उभे राहत, भिक्खू त्यांवर मंगल शिंपडीत. सैनिक बंदुका खाली ठेवून पुढे येत. बारा-तेरा वर्षे ताटातूट झालेली माणसे या यात्रेत एकमेकांना सापडली.

दुसरी यात्रा मे १९९३ मध्ये, निवडणुकीच्या तोंडावर निघाली. सिएम रिआपपासून नॉम पेन्हपर्यंतची सुमारे तीनशे किलोमीटरची वाट चालू लढाईच्या प्रदेशातून जात होती. मतदान उधळून लावण्याची धमकी ख्मेर रूजने दिली होती, एप्रिलमध्ये एक तरुण जपानी स्वयंसेवक मारला गेला होता, आणि माणसे मतदान केंद्रापर्यंत येतील की नाही याची खुद्द मोहिमेलाही खात्री नव्हती. माणसे आली. २३ ते २८ मे या काळात नोंदणी झालेल्या सुमारे ४७ लाखांपैकी जवळजवळ ९० टक्क्यांनी मत दिले. मत गुप्त राहील, हे मोहिमेच्या रेडिओने महिनोन्‌महिने सांगितले होते. भीती धरून घरात बसू नका, हे चालणाऱ्या भिक्खूंनी न बोलता सांगितले. यांपैकी कोणामुळे किती माणसे आली याचा हिशेब मांडता येणार नाही, आणि मांडण्याची आवश्यकताही आम्हांस वाटत नाही.

परंतु निकालाचे काय झाले? १२० जागांपैकी रणरिद्ध यांच्या पक्षास ५८ आणि हुन सेन यांच्या पक्षास ५१ जागा मिळाल्या. पराभूतांनी निकाल नाकारला. पूर्वेकडील काही प्रांत फुटून निघण्याची धमकी आली. सैन्य आणि पोलीस ज्यांच्याकडे होते त्यांच्या या दडपणापुढे तडजोड झाली आणि देशाला दोन पंतप्रधान मिळाले, पहिले रणरिद्ध, दुसरे हुन सेन. सप्टेंबर १९९३ मध्ये नवे संविधान लागू झाले आणि मोहिमेने गाशा गुंडाळला. जुलै १९९७ मध्ये दुसऱ्या पंतप्रधानांनी पहिल्यास बळाने हुसकून लावले. चार वर्षांपूर्वी जिवावर उदार होऊन रांगेत उभे राहिलेल्यांच्या मताला पाचव्याने मोजून दिले, राखून दिले नाही. आमचा आक्षेप तो हा.

धम्माच्या अनुयायाने सैन्याच्या बाजूने बोलावे काय, असा प्रश्न आपल्या विहारांतील चर्चांतून अनेकदा निघतो. सिंह सेनापतीने तथागतांना हाच प्रश्न विचारला होता, आणि 'बुद्ध की कार्ल मार्क्स' या निबंधात बाबासाहेबांनी त्या संवादाचा आधार घेतला आहे. अपराध्यास दंड झालाच पाहिजे, न्यायासाठी लढणारा हिंसेचा दोषी ठरत नाही, मात्र शांततेचे सर्व उपाय आधी संपले पाहिजेत, हे त्याचे सार. याच निबंधात बाबासाहेब बळाने उभारलेल्या व्यवस्थेस विचारतात, की बळ निघून गेल्यावर तिला धरून ठेवणारे काय उरेल? हा प्रश्न साम्यवादी राजवटींना उद्देशून होता. तो शांतिसेनेलाही तितकाच लागू पडतो, असे आम्हांस वाटते.

शेजारच्या श्रीलंकेचा अनुभवही येथे आठवतो. १९८७ ते १९९० या काळात भारताची शांतिसेना तेथे होती. ती एकट्या शेजाऱ्याची सेना होती. लढणाऱ्यांची मनापासून संमती तिला नव्हती, आणि पाहता पाहता पाचवा स्वतःच पक्षकार झाला. सुमारे बाराशे भारतीय सैनिक परत आले नाहीत. त्यांत महार रेजिमेंटच्या आठव्या बटालियनचे मेजर रामस्वामी परमेश्वरन होते. २५ नोव्हेंबर १९८७ रोजी ते धारातीर्थी पडले आणि मरणोत्तर परमवीरचक्राचे मानकरी ठरले. ज्या रेजिमेंटच्या उभारणीसाठी बाबासाहेबांनी आग्रह धरला, तिच्या या पानाविषयी अभिमान आणि खंत दोन्ही आमच्या मनात आहेत.

म्हणून आमचे मत असे, की दुभंगलेल्या देशात शांतिसेना जावी आणि भारताने तीत आपले सैनिक द्यावेत. मात्र पाठविताना आपल्या संसदेने, वृत्तपत्रांनी आणि आपणही काही गोष्टी विचारल्या पाहिजेत. सर्व पक्षांची संमती आहे काय? भाषा जाणणारे मुलकी अधिकारी सैनिकांबरोबरच पोहोचणार आहेत, की वर्षभराने? तेथील स्त्रियांची तक्रार कोण ऐकणार? निकाल लागल्यानंतर तो मानला जाईपर्यंत कोण थांबणार? कंबोडियात ख्मेर रूजच्या नेत्यांवर खटला चालविणारे न्यायालय २००६ मध्ये कामास लागले आणि २०२२ मध्ये त्याचे शेवटचे अपील निकालात निघाले. एवढ्या काळात शिक्षा झाली ती तिघांना. पॅरिसच्या करारात तर वंशसंहार हा शब्दही नव्हता; भूतकाळातील धोरणे पुन्हा येऊ देणार नाही, इतकेच मोघमपणे म्हटले होते.

आपल्या माजी विद्यार्थ्यांपैकी काही सैन्यात आणि निमलष्करी दलांत आहेत. पालकांतही निवृत्त सैनिक आहेत. त्यांपैकी कोणी निळी टोपी घालून परदेशी गेले असतील, तर त्यांनी येत्या वर्षावासात एका संध्याकाळी वंदनेनंतर वसतिगृहातील मुलांशी बोलावे, अशी आमची विनंती आहे. पदके आणि छायाचित्रे त्यांनी अवश्य आणावीत. त्याबरोबर ज्या गावात तळ होता, तेथील लोकांशी ते कोणत्या भाषेत बोलत आणि तळ उठला त्या दिवशी ते लोक काय म्हणाले, हेही त्यांनी मुलांना सांगावे.