उतरत्या पाण्याच्या काठी

बँकेच्या सेवेत असताना धरणातील पाण्याची पातळी हा माझ्या लेखी वसुलीचा आकडा होता. फाल्गुनात पाणी झपाट्याने उतरू लागले की कोणत्या गावचे पीककर्ज थकणार, याचा अंदाज नांदेडच्या शाखेत बसूनच बांधता येई. हेच उतरते पाणी कोणाच्या पोटापाण्याची सोय असू शकते, हे निवृत्तीनंतर पाहावयास मिळाले.

गेल्या फाल्गुनअखेर छत्रपती संभाजीनगरला कन्येकडे मुक्काम होता. तेथून एका पहाटे पैठणजवळ नाथसागराच्या काठी गेलो. सोबत दहा वर्षांचा दौहित्र, आणि त्याच्या हाती ज्वारीची पिशवी. पक्ष्यांना दाणे घातल्यावाचून परतू नये, अशी त्याच्या आजीची आज्ञा होती.

जायकवाडीचे हे धरण १९७६ मध्ये पूर्ण झाले आणि १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य म्हणून घोषित झाला. लांबी सुमारे ५५ किलोमीटर, रुंदी काही ठिकाणी २७ किलोमीटर. मात्र पसाऱ्याच्या मानाने खोली बेताची. त्यामुळे पाणी हातभर उतरले तरी काठ दूरवर मागे सरकतो आणि ओला गाळ उघडा पडतो. किडे, अळ्या, गोगलगायी यांनी तो भरलेला असतो. लाल काड्यांसारख्या पायांचा शेकाट्या पाण्यात शिरून टिपत होता, तुतवार कडेच्या ओलीत, तर धोबी शेपटी हलवीत कोरड्याच्या बाजूला. पलीकडे रोहित पक्षी चोच उलटी धरून पाणी गाळीत होते. एकाच पेठेत प्रत्येकाचे दुकान निराळे!

दौहित्राने ज्वारीची मूठ उधळली. एकाही पक्ष्याने तिकडे पाहिले नाही. जवळचे दोन शेकाट्ये मात्र उडाले. जाळे आवरीत असलेले एक मच्छीमार म्हणाले, “बाबा, त्यांचं जेवण चिखलात हाय. तुम्ही फक्त लांब उभं राहा.” पिशवी तशीच परत आली.

हा आहार घाईचा असतो. उत्तरेकडे निघण्यापूर्वी अंगात चरबी साठवावी लागते. वाटखर्चाची तरतूदच ती. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेला पट्टकदंब हंस तिबेट-मंगोलियाकडे जाताना हिमालय ओलांडतो. सात हजार मीटरहून अधिक उंचीवर त्याच्या उड्डाणाची नोंद झाली आहे. हा मात्र चिखलातले किडे न शोधता गवत आणि कोवळी पिके खातो, आणि येथेच गुंता होतो. पाणी ओसरलेल्या जमिनीवर गाळपेराचा गहू-हरभरा उभा असतो. पेरणारा अनेकदा तोच शेतकरी, ज्याची मूळ जमीन धरणात गेली. त्याने हंस हाकलले तर त्याला काय म्हणावे? पिकावर फवारलेले औषध पुढे पावसाळ्यात त्याच पाण्यात उतरते. तो हरभरा मोंढ्यात येतो, आणि बियाणे-औषधांची दुकाने आपल्यापैकीच अनेकांची आहेत. आयुष्यभर खाती जुळवली; हे नावे कोणाच्या टाकावे, ते मला उमगलेले नाही.

पाणी उतरणे निराळे आणि आटणे निराळे, हेही सांगितले पाहिजे. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आणावे लागले, ते मांजरा धरण कोरडे पडल्यामुळे. भेगाळलेल्या मातीत माणसाला काही उरत नाही, तसे तुतवारालाही नाही. गाळ ओला राहील इतके पाणी मागे उरावे लागते.

सायंकाळी दौहित्राने वहीत ‘पट्टकदंब ३४’ असे लिहिले. मोजणी मी दोनदा तपासली. त्याच्या हट्टापायी दुसऱ्या दिवशी उजाडता पुन्हा गेलो, तेव्हा त्या काठावर अकराच होते.