जमीन जागेवर आहे, मग नुकसान कसले?



ट्रकच्या धडकेत पाय गमावलेला शेतकरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणापुढे उभा राहिला, की विमा कंपनीचा वकील विचारतो, "जमीन किती?" शेतकरी सरळपणाने सांगतो, पाच एकर. "ती अजून तुमच्याच नावावर आहे ना?" आहे. "पीक निघते ना?" निघते. झाले! जमीन जागेवर आहे, पीक निघते आहे, मग उत्पन्न बुडाले कुठे?

हाच वकील कारखान्यातल्या फिटरला विचारत नाही, की "कारखाना अजून चालू आहे ना? मग तुझे काय गेले?" फिटरचा पगार ही त्याच्या हातांची किंमत, हे सर्वांना मान्य आहे. शेतकऱ्याच्या हातांची किंमत मात्र जमिनीच्या खात्यावर टाकायची आणि हातांच्या नावावर शून्य मांडायचे.

ही नुसती वकिली हुशारी नाही. हरियाणातील एका मृत शेतकऱ्याच्या दाव्यात सर्वोच्च न्यायालयाने २००३ साली म्हटले, की जमीन वारसांकडे राहतेच, फार तर शेती पाहण्यासाठी माणूस ठेवावा लागेल. म्हणून उत्पन्न बुडण्याचा नेहमीचा नियम शेतीच्या उत्पन्नाला जसाच्या तसा लागू होत नाही. निकाल मृत्यूच्या दाव्यातला. पण युक्तिवाद तोच जखमी शेतकऱ्याच्याही तोंडावर मारला जातो.

आमचा सवाल साधा आहे. जमीन स्वतःला नांगरते काय? रात्रीच्या विजेवर दारे धरायला कोण जातो? पाठीवर फवारणीचा पंप कोण घेतो? मालाचे भाव ठरवताना घरच्या माणसांचे श्रम कमी मोजायचे आणि अपघात झाला की ते मोजायचेच नाहीत. लूट एकच आहे, दुकाने दोन आहेत.

आता हिशेब मांडू. समजा, ३८ वर्षांच्या शेतकऱ्याचा पाय गेला. २००९च्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालाप्रमाणे या वयाला १५ हा गुणक लागतो. न्यायाधिकरणाने त्याच्या श्रमाची किंमत महिना ७,५०० रुपये धरली आणि डॉक्टरी दाखल्याप्रमाणे ४० टक्के अपंगत्व धरले, तर उत्पन्न बुडाल्याची भरपाई होते ५ लाख ४० हजार. पण श्रमाची किंमत रोजचे ५०० म्हणजे महिना १५,००० धरली आणि एका पायावर शेतीची किती कामे होतात हे पाहून कमाईचे नुकसान ८० टक्के धरले, तर तीच रक्कम होते २१ लाख ६० हजार. माणूस तोच, ट्रक तोच, पाय तोच. फरक चौपट! हा फरक कायद्याने पडत नाही, पुराव्याने पडतो.

कायदा आमच्या बाजूनेही बोललेला आहे. दाखल्यावरची टक्केवारी म्हणजे कमाईचे नुकसान नव्हे; जखमी माणूस कोणते काम करीत होता आणि आता कोणते करू शकतो हे पाहिले पाहिजे, असे सर्वोच्च न्यायालयाने २०१० साली सांगितले. २०११ साली एका जखमी हमालाच्या दाव्यात, असंघटित कामगाराकडून उत्पन्नाच्या कागदांची अपेक्षा धरता येत नाही असे म्हणून, त्याने सांगितलेली महिना ४,५०० रुपयांची कमाई मान्य केली. घर सांभाळणाऱ्या बाईच्या कामाला पैशात किंमत धरलीच पाहिजे, हेही २०२१ साली पुन्हा सांगितले. मग जी बाई सकाळी भाकरी थापते, दिवसभर खुरपते आणि संध्याकाळी धारा काढते, तिची दोन्ही खाती मोजा. "काही करीत नाही, घरीच असते" असा जबाब पंचनाम्याच्या वेळी घरच्या पुरुषानेच द्यायचा आणि मग भरपाई कमी मिळाली म्हणून रडायचे, हे बंद झाले पाहिजे.

२००३च्या निकालातही एक दार उघडे आहे. माणूस ठेवावा लागेल, असे न्यायालयच म्हणते ना? मग तो ठेवलेला माणूस दाखवा. अपघाताच्या दिवसापासून एक वही घाला. सालगड्याला किती दिले, फवारणी कोणाकडून करून घेतली, कोणते रान पडीक राहिले, सगळे तारीखवार लिहा आणि पैसे घेणाऱ्याची सही घ्या. जोडीला मागच्या तीन वर्षांच्या आडत्याच्या पट्ट्या, उसाची बिले, डेअरीची बिले ठेवा. अपघातापूर्वीची आणि नंतरची पट्टी शेजारी ठेवली, की "जमीन जागेवर आहे" या वाक्यातली हवा निघून जाते.

माल भरलेल्या ट्रकमध्ये बसून बाजाराला जाणाऱ्यांनी आणखी एक ध्यानात ठेवावे. विमा कंपनी तुम्हाला "फुकटा प्रवासी" ठरवू पाहते. १९९४च्या दुरुस्तीने मालासोबत जाणारा मालाचा मालक किंवा त्याचा प्रतिनिधी विम्याच्या कक्षेत आला आहे. पण माल तुमचा होता हे सिद्ध तुम्हाला करावे लागते. बिल्टी आणि बाजार समितीची आवक पावती जपा. त्या चिठोऱ्यावर लाखांचा दावा उभा राहतो किंवा पडतो.

आता मुदतीचे. १९९४ साली दाव्याची मुदत काढून टाकली होती. २०१९च्या दुरुस्तीने ती परत आणली आणि १ एप्रिल २०२२ पासून सहा महिन्यांची अट लागू केली. तिला सर्वोच्च न्यायालयात आव्हान दिले गेले आहे. त्या भरवशावर कोणी बसू नये. सहा महिने तर जखमी माणूस खाटेवरच असतो! त्याच २०२२च्या नियमांनी पोलिसांवरही बंधन घातले. ४८ तासांत पहिला अहवाल आणि ९० दिवसांत सविस्तर अहवाल न्यायाधिकरणाकडे गेला पाहिजे. तो अहवाल दावा-अर्ज म्हणून धरण्याची तरतूद कायद्यातच आहे. तो गेला की नाही हे पोलीस ठाण्यात जाऊन लेखी विचारा. दावा आपण राहतो त्या भागाच्या न्यायाधिकरणातही दाखल करता येतो. ट्रक परराज्यातला आहे म्हणून हातपाय गाळू नका. ट्रक पळून गेला, नंबर कोणी पाहिला नाही, तरी गंभीर इजेला ५० हजार आणि मृत्यूला २ लाख रुपयांची तरतूद आहे.

आणि दवाखान्यात खाटेशी येऊन, चार नोटा पुढे करून कोऱ्या कागदावर अंगठा मागणारा कोणीही असो, त्याला दाराबाहेर काढा.

शासनाची शेतकरी अपघात योजना आहे. दोन अवयव गेले तर २ लाख, एक हात किंवा पाय गेला तर १ लाख. जरूर घ्या. पण योजनेचे नाव वाचा: "सानुग्रह अनुदान". म्हणजे कृपा! पुढारी धनादेश देतो, फोटो काढतो आणि घरच्यांना वाटते प्रकरण मिटले. मिटलेले नसते. ट्रकमालक आणि विमा कंपनी यांच्याकडून येणे असलेली रक्कम ही कृपा नव्हे, ते देणे आहे. आम्ही देणे मागतो.

म्हणून आमच्या मागण्या अशा. शेतकऱ्याच्या श्रमाची किंमत कुशल कामगाराच्या मजुरीने धरा आणि जमिनीचे उत्पन्न त्यातून वजा करू नका. अपंगत्व शेतीच्या कामाच्या मापाने मोजा. सहा महिन्यांची अट रद्द करा.

जिल्हा बैठकीला येताना प्रत्येक तालुक्याने आपल्याकडील जखमींची यादी आणावी: अपघाताची तारीख, सहा महिने केव्हा भरतात, पोलिसांचा अहवाल गेला की नाही. ज्यांची मुदत जवळ आली आहे त्यांचे कागद त्याच दिवशी पाहू. वकिलाची फी परवडत नाही त्यांनी जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करावा; स्त्रियांना तेथे उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. अर्ज लिहून द्यायला माणसे बसलेली असतील. याद्या घेऊनच या.