काटोलचा दगड, बेन्नूची माती

भोसरी-चाकण पट्ट्यात हीट ट्रीटमेंटच्या भट्टीवर काम करणाऱ्याला ठाऊक असते की, पोलाद तापवले की त्याची आतली रचना बदलते. आधी ती कशी होती, हे मग नुसता तुकडा पाहून सांगता येत नाही. सूर्यमाला कशी घडली हे शोधणाऱ्यांची अडचण हीच आहे.

२२ मे २०१२ रोजी भर दुपारी नागपूर जिल्ह्यात काटोल परिसरात आकाशातून दगड पडले. वर्गवारीत ते ‘एल-६’ ठरले. यातला सहाचा आकडा सांगतो की, मूळ लघुग्रहाच्या पोटात हा दगड चांगलाच भाजून निघाला होता. २०२१मध्ये आयआयटी खरगपूरच्या संशोधकांनी त्यात ब्रिजमनाइट हे खनिज दाखवले. अंतराळातल्या टकरीच्या प्रचंड दाबाची ती खूण. दगड मोलाचाच, पण जन्मापेक्षा पुढच्या आयुष्याबद्दल जास्त बोलणारा.

सुमारे ४५६ कोटी वर्षांपूर्वीची हकिगत न भाजलेल्या, कार्बनयुक्त लघुग्रहांत टिकून आहे. त्यांचे तुकडेही पृथ्वीवर पडतात. ६ जून २०१७ला जयपूरजवळ मुकुंदपुरा येथे पडला तसा. मात्र जमिनीला टेकताच त्याला ओल, माती आणि जंतू लागतात. म्हणून जपानने २०२०मध्ये रयुगूवरून ५.४ ग्रॅम आणि अमेरिकेने २०२३मध्ये बेन्नूवरून १२१.६ ग्रॅम नमुना बंद कुपीत आणला.

बेन्नूचे निष्कर्ष जानेवारी २०२५मध्ये आले. आपली प्रथिने ज्या २० अमिनो आम्लांची बनतात त्यांतील १४ तिथे मिळाली. शिवाय आटलेल्या खाऱ्या पाण्याचे क्षार आणि भरपूर अमोनिया. अमोनियाचा बर्फ कडाक्याच्या थंडीतच टिकतो, म्हणजे बेन्नूचा मूळ पिंड सूर्यापासून बराच दूर घडला असावा. याला ‘जीवसृष्टी सापडली’ म्हणणे मात्र चूक. सजीवांच्या प्रथिनांत डावखुरी अमिनो आम्ले असतात. बेन्नूवर डावी-उजवी जवळपास सारखीच निघाली.

आणि सावधगिरी किती लागते? २०२४मध्ये ब्रिटनमध्ये रयुगूच्या एका कणावर जंतू दिसले. वाढले, मग घटले. ते पृथ्वीवरचेच होते. रक्ताच्या कल्चरमध्ये त्वचेवरचे जंतू शिरले की रुग्णाला नसलेला आजार दिसतो, त्यातलाच हा प्रकार.

उद्या एखाद्या शिवारात पुन्हा असा दगड पडला, तर तो धुऊ नये, हातोहात फिरवू नये, चुंबक लावून पाहू नये. त्याने दगडातली मूळ चुंबकीय नोंद पुसली जाते. जागेचा फोटो काढावा, वेळ लिहावी, दगड स्वच्छ अॅल्युमिनियम फॉइलमध्ये गुंडाळावा आणि तहसीलदारांमार्फत भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाला कळवावे.