घरचें आरोग्य : अंगावर पाजणारी आई आणि बद्धकोष्ठाचीं औषधें

जुन्नर व आंबेगांव तालुक्यांच्या पश्चिम भागांत, भीमाशंकर-आहुप्याच्या डोंगरांत, हिरड्याचीं झाडें पुष्कळ आहेत. तेथील महादेव कोळी कुटुंबें उन्हाळ्यांत कोंवळीं फळें उतरवून वाळवितात; तोच बाजारांतला बाळहिरडा. नांवांतलें ‘बाळ’ फळाच्या कोंवळेपणाचें आहे. तें बाळाचें औषध असा त्याचा अर्थ नव्हे, हें आधींच सांगितलेलें बरें.

बाळंतपणानंतर शौचास खडा होणें ही पुष्कळ स्त्रियांची तक्रार असते. लोहाच्या गोळ्या, टांक्यांची धास्ती, आणि बाळंतिणीस पाणी बेतानेंच द्यावें ही जुनी समजूत, हीं तिचीं नेहमींचीं कारणें होत. दुधावाटे शरीरांतलें पाणी जात असतां पाणी तोडणें हा उलटा उपाय होय. तहानेप्रमाणें पाणी, पालेभाजी, भिजविलेल्या मनुका, सालीसकट मूग व थोडें चालणें, एवढ्यानें पुष्कळदां काम भागतें. लोहाची गोळी मात्र परस्पर बंद करूं नये. सरकारी कार्यक्रमांत ती बाळंतपणानंतर १८० दिवस घ्यावयाची असते. त्रास झाल्यास डॉक्टरांस विचारून बदल करावा.

औषध लागलेंच, तर प्रथम इसबगोल घ्यावें. तें आंतड्यांत फुगतें, रक्तांत जात नाहीं, म्हणून दुधांतही उतरत नाहीं. मात्र तें पेलाभर पाण्याबरोबरच घ्यावें. लॅक्ट्युलोजही रक्तांत फारच थोडें जातें. सोनामुखीचा अल्प अंश दुधांत उतरतो. नेहमींच्या मात्रेंत तो बाळास सहसा बाधत नाहीं, तरी ती थोडेच दिवस घ्यावी व बाळास पातळ होऊं लागल्यास थांबवावी. कोरफडीच्या चिकाचा काळा बोळ व मोठ्या मात्रेंतलें एरंडेल टाळावें. हिरडा रेचक खरा. पण पाजणाऱ्या आईनें तो घेतल्यास बाळावर काय परिणाम होतो याची पुरेशी तपासणी झालेली नाहीं. म्हणून वैद्यांच्या सल्ल्यावांचून त्याचें चूर्ण रोज घेऊं नये.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट बाळाची. केवळ अंगावर पिणारें मूल दीड महिन्यानंतर कधीं कधीं कित्येक दिवस शौचास करीत नाहीं. मळ मऊ असला व मूल नीट पीत-वाढत असलें, तर तें बद्धकोष्ठ नव्हे. त्यास एरंडेल वा गुटींत उगाळलेला हिरडा चाटवूं नये. पहिले ६ महिने आईचें दूध आणि डॉक्टरांनीं सांगितलेलें औषध याखेरीज कांहींही देऊं नये. पोट फुगणें, हिरवी उलटी, शौचांत रक्त, किंवा पहिल्या महिन्यांतच शौचास कमी होणें, यांपैकीं कांहींही दिसल्यास त्याच दिवशीं डॉक्टरांकडे न्यावें.

घरांतील वडील स्त्रियांनीं सहाण तूर्त फळीवर ठेवावी आणि सुनेजवळ पाण्याचा भरलेला तांब्या ठेवावा. दोघांनाही तेंच हिताचें.