शेजारच्या देवळात

२०२५ च्या मार्चमध्ये मामांकडे सिंगापूरला आठ दिवस राहण्याचा योग आला. मामा तिथे जहाजदुरुस्तीच्या एका गोदीत हिशेबनीस आहेत. परत आल्यावर जो तो विचारी, "काय काय आणलंस?" आणलेली चॉकलेटे वर्गात दोन दिवसांत संपली. एक विचार मात्र शिल्लक राहिला आहे, तो वाचकांपुढे ठेवतो.

१८ मार्चला मामी म्हणाल्या, "आज क्वान इमचा वाढदिवस. शेजारच्या आजी निघाल्यात, तूही चल." क्वान इम ही चिनी लोकांची करुणेची देवता. चिनी वर्षाच्या दुसऱ्या महिन्यात एकोणिसाव्या दिवशी तिचा जन्मोत्सव असतो. त्यांचे महिनेही आपल्यासारखे चंद्रावरच चालतात. फक्त शुद्ध-वद्य न करता ते दिवस सलग मोजतात. आपल्या पंचांगात दुसऱ्याच दिवशी रंगपंचमी होती.

वॉटर्लू स्ट्रीटवरचे हे देऊळ १८८४ सालचे. रस्त्यात फुलवाल्यांची रांग, उदबत्त्यांचा धूर आणि पाय ठेवायला जागा नाही अशी गर्दी. या देवीला सामिष चालत नाही. फुले, फळे, तेल एवढेच. आत माणसे गुडघे टेकून बांबूच्या काड्यांचे नळकांडे हलवत होती. एक काडी बाहेर पडली की तिच्या आकड्याची चिठ्ठी घ्यायची, तिच्यात देवीचे उत्तर. मला हसू आले नाही. आपल्याकडे देवाला कौल लावतात, तो याहून वेगळा कुठे असतो?

खरे आश्चर्य पुढेच होते. बाहेर पडल्यावर आजी घरी न वळता दोन पावलांवरच्या श्रीकृष्णाच्या देवळापाशी थांबल्या. हे देऊळ १८७० सालचे. तिथेही त्यांनी उदबत्ती लावली, हात जोडले. त्यांच्यासारखे कितीतरी चिनी लोक तेच करत होते. मी मोडक्यातोडक्या इंग्रजीत कारण विचारले. त्या म्हणाल्या, "इथवर आले, तर शेजाऱ्यांना भेटायला नको?"

परत आल्यावर ग्रंथालयात थोडे चाळले. ही क्वान इम मुळात आपल्याकडचा अवलोकितेश्वर. औरंगाबादच्या सातव्या लेण्यात भक्तांना संकटांतून सोडवणारा तो पुरुषरूपात कोरलेला आहे. चीनमध्ये तो हळूहळू देवी झाला. कुमारजीवाने इ. स. ४०६ मध्ये केलेल्या भाषांतरात त्याचे नाव 'जगाचा आवाज जाणणारा' अशा अर्थाचे आहे. पुढे सातव्या शतकात ह्युएनत्संगाने हा शब्द चुकीचा ठरवून नवा शब्द दिला. लोकांनी जुनाच ठेवला. हाच ह्युएनत्संग दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात आला होता. राजा बदामीचा, आणि प्रवाशाने राज्याचे नाव लिहिले 'महाराष्ट्र'! आज हे वाक्य बेळगावात मोठ्याने उच्चारले, तर दोन्ही बाजूंचे लोक आपापला अर्थ काढतील.

आता मुद्द्यावर येतो. आपल्या या अंकात मराठी विभाग आहे, कन्नड विभागही आहे. दोघांची भिंत एकच. मी मराठी शाळेत शिकलो, पण कन्नड वाचता-बोलता येते. तरी गेल्या वर्षीच्या अंकाची कन्नड पाने मी उलटलीही नव्हती. सिंगापूरहून आल्यावर उलटली. तिथे माझ्याच बाकावर बसणाऱ्या मित्राचा लेख होता. वडगावातला वडिलांचा माग विकला गेला त्या दिवसाची ती हकीकत. वर्षभर आम्ही एका वहीतून ताळेबंद उतरवून घेतले आणि हे मला माहीत नव्हते.

कुणी म्हणेल, उदबत्ती लावणे सोपे. भाषेचा प्रश्न नोकरीचा, शाळेचा, सरकारी कागदाचा आहे. मान्य. मराठीत कागद मागणे हा आपला हक्क आहे आणि तो मी सोडणार नाही. नुसत्या गोडव्याने भाषा टिकत नाही हेही त्या आजींकडेच पाहिले. त्या हॉक्किएन बोलतात आणि नातवंडे इंग्रजीत उत्तर देतात. तिथल्या सरकारने १९७९ पासून प्रमाण चिनी भाषेचा प्रचार केला. शाळा-कचेऱ्यांतून इंग्रजी आली. घरची बोली मागे पडली. देवी राहिली, तिच्याशी बोलायची भाषा चालली. म्हणून आपली भाषा आपणच जपली पाहिजे. पण शेजाऱ्याचे वाचल्याने ती कमी होते, हा हिशेब मला कुठल्याच वहीत सापडत नाही. कृष्णाला उदबत्ती लावून त्या आजी कमी चिनी झाल्या नव्हत्या.

संपादक मंडळाला एक विनंती आहे. पुढच्या अंकापासून कन्नड विभागातला एक लेख मराठीत आणि मराठीतला एक कन्नडमध्ये यावा. पहिले भाषांतर मी करतो. मित्राला विचारले आहे. तो "करू या" म्हणाला, आणि मग विचारले, "तुझा लेख कशावर आहे?" त्यानेही माझा वाचला नव्हता.